पाच हजारांची मर्यादा

सकाळी ५:५०

शिरवळच्या जुन्या रस्त्यावर एमआयडीसीच्या बसगाड्या सुरू झाल्या आहेत. पहिल्या पाळीची माणसं नाक्यावर उभी आहेत. हातात डबा, गळ्यात ओळखपत्र. सप्टेंबरच्या बारीक पावसाची झिमझिम आहे. एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत दिवा लागतो.

खोलीत लोखंडी मांडणी आहे. मांडणीवर अकरा फोन. एकही नवा नाही. कुणाची काच तडकलेली, कुणाचं बटण निघालेलं. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने अँड्रॉइडचा आकडा : ८, ९, १०, ११, १३. शेवटी दोन आयफोन. त्यातला एक आयफोन ८. २०१९ मध्ये आयफोनच्या जुन्या चिपमध्ये एक खोट सापडली. ती चिपमध्येच कोरलेली असल्याने कुठल्याही अपडेटने बुजत नाही. या फोनचं कुलूप म्हणूनच उघडता येतं आणि आत बघता येतं. नव्या फोनवर ते जमत नाही. जुना आयफोन इथे जपून ठेवायचं कारण हे.

ताई एकेक फोन हातात घेतात. चार्जर काढतात, पाठीवरून अंगठा फिरवतात. एकाची पाठ फुगली आहे. बॅटरी गेली. तो फोन वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात जातो. असे फोन रात्रभर लावून ठेवले तर पेट घेऊ शकतात, म्हणून प्लगला टायमर आहे. किंमत ३५० रुपये.

टीममधली पोरं त्यांना ताई म्हणतात. इथेही तेच नाव. कराडच्या सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झाल्या. पुण्यात अकरा वर्षं नोकरी. शिरवळहून पुणं पन्नासेक किलोमीटर, पण हिंजवडीला पोचायला कधी दोन तास, कधी तीन. आता आठवड्यातून एक दिवस जातात, बाकी दिवस ही खोली. कंपनी सहकारी बँकांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवते. कोड एकच, बँकेनुसार नाव आणि रंग वेगळा. एका ठिकाणी भोक राहिलं तर ते सगळ्या बँकांत राहतं. ते भोक चोराच्या आधी शोधायचं, हे या सहा जणांच्या टीमचं काम.

सकाळी ६:४०

फोन वाजतो. सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेचे व्यवस्थापक. आवाजात झोप नाही.

"मॅडम, रात्री एका खातेदाराचे पैसे गेले. द्राक्षवाले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावाने फाइल आली. उघडली म्हणतात."

"किती गेले?"

"४,९९९."

"सायबर हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला?"

"रात्रीच लावला. नोंद झाली."

"बरं केलंत. ती फाइल मला पाठवा. तुमच्या फोनवर उघडू नका. त्यांना सांगा, फोन विमान मोडवर टाका. पुसू नका, रीसेट करू नका."

ताई वहीत वेळ लिहितात. ६:४०. खाली दुसरी वेळ. १२:४०. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. खोटी मोबाइल अ‍ॅप त्या यादीत आहेत. दुसऱ्या वेळेभोवती पेनाने गोल.

सकाळी ७:०५

फाइल आली. आधी तिचा ठसा काढायचा. ६४ अक्षरांची ओळ. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ही ओळ पूर्ण बदलते, म्हणून पुराव्याला ती लागते. मग फाइल जेडॅक्समध्ये उघडतात. हे साधन फुकट आहे. बांधलेलं अ‍ॅप सोडवून ते वाचता येईल असा कोड पुढे ठेवतं.

पहिलं पान परवानग्यांचं. मेसेज वाचणे. मेसेज पाठवणे. संपर्क वाचणे. शेतकऱ्याच्या योजनेला मेसेज पाठवायचं काय काम? पुढे कोडातच एक मोबाइल नंबर लिहिलेला. येणारा प्रत्येक मेसेज त्या नंबरावर जातो. खाली एका सर्व्हरचा पत्ता. अ‍ॅप एकदा उघडलं की त्याचं चिन्ह पडद्यावरून गायब होतं. माणसाला वाटतं, उघडलंच नाही, गेलं.

काय घडलं ते आता दिसतं. आपण नव्या फोनवर बँकेचं अ‍ॅप सुरू करतो तेव्हा आपल्या सिममधून एक मेसेज बँकेला जातो. हे सिम याच फोनमध्ये आहे, याची ती खूण. चोराने आपल्या फोनवर अ‍ॅप उघडलं आणि तो मेसेज मात्र खातेदाराच्या फोनातून पाठवला. ओटीपीही तिथूनच उचलला. बँकेला वाटलं, खातेदारानेच फोन बदलला.

मग ४,९९९ वरच का थांबलं? कारण नव्या फोनवर खातं जोडलं की पहिले २४ तास ५,००० च्या वर पैसे हलत नाहीत. हा नियम अनेकांना जाचतो. फोन बदलला की हॉस्पिटलचं बिल भरता येत नाही, म्हणून लोक शाखेत येऊन भांडतात. काल रात्री त्याच नियमाने द्राक्षवाल्याच्या खात्यातले बाकीचे पैसे वाचवले.

सकाळी ८:२०

अहो रात्रपाळी करून आलेत. एमआयडीसीत देखभाल विभागात आहेत. महिना ३४ हजार आणि ओव्हरटाइम. ताटात पोहे. दोघं बोलतात ते गॅसच्या नंबरावर आणि मुलीच्या सहामाहीवर. महावितरणचा मेसेज आलाय : १० ते १ वीज बंद.

सकाळी ९:३०

टीमचा कॉल. सहा चौकोन. दोघं पुण्यात, एक नागपूरला, एकजण कराडला, एकजण मिरजेला. ताई शिरवळला. नावापेक्षा गावाने हाक मारायची सवय पडली आहे.

ताईंचे प्रश्न रोज तीनच. काय दिसलं? पुरावा काय? कुठे अडलंय?

आज बोलायची पाळी कराडच्याची. वय तेवीस. नोकरीला वर्ष झालं. हातात ३१ हजार येतात. तो पडदा दाखवतो.

आज रात्री नवी आवृत्ती जायची आहे. तिच्यात 'झटपट पैसे' नावाचा पडदा आहे. त्याने फ्रिडा जोडली. चालू अ‍ॅपच्या आत शिरून एखाद्या कामाचं उत्तर बदलणारं हे साधन, तेही फुकट. अ‍ॅप स्वतःला विचारतं, 'फोन नवा आहे का?' त्याने 'हो'चं 'नाही' केलं. मग ४०,००० टाकले. सर्व्हरने घेतले.

कुणी काही बोलत नाही. मग नागपूरकर विचारतो, "जुन्या पडद्यावरून?"

"तिथे सर्व्हर नाही म्हणतो. नव्या पडद्यासाठी सर्व्हरवर वेगळा मार्ग केलाय. त्या मार्गावर तपासणीच नाही. फोनमध्ये आहे फक्त."

म्हणजे काल ज्या नियमाने पैसे अडवले, तोच नियम आज रात्रीच्या आवृत्तीत फोनच्या भरवशावर ठेवलेला आहे. आणि फोन तर चोराचा स्वतःचा.

"व्हिडिओ केलास?"

"केलाय ताई."

"सर्व्हरवरची नोंद?"

"ती नाही काढली."

"ती काढ. आपल्या पडद्यावर दिसलं एवढं पुरत नाही. पैसे त्यांच्या बाजूला नोंदले गेले हे दिसलं पाहिजे. अकराच्या आत." आणि मग, "चांगलं पकडलंस."

शाबासकी एवढीच. पण ती सगळ्यांच्या समोर दिली. टीम चालवताना ताई हे पाळतात : चांगलं बोलायचं ते सगळ्यांत, चूक सांगायची ती एकट्याला. कुठल्या डेव्हलपरकडून हे राहिलं, ते कॉलवर कुणी विचारत नाही.

सकाळी १०:०२

वीज गेली. पंखा थांबतो, इन्व्हर्टर शिट्टी देतो. त्याची बॅटरी १४,५०० ची, दर चार वर्षांनी बदलायची. राउटरला वेगळा छोटा बॅकअप, २,००० चा. फायबर गावातल्या केबलवाल्याचा, महिना ७०० रुपये. तो पडला तर दुसऱ्या कंपनीचं सिम. हा सगळा खर्च ताईंचा. बर्प सूटच्या परवान्याचे वर्षाला माणशी चाळीसेक हजार कंपनी देते. फोन आणि सर्व्हरच्या मध्ये बसून दोघांचं बोलणं ऐकायला ते लागतं. सहा जणांत परवाने चार. पाचवा मागून दोन तिमाह्या झाल्या.

सकाळी ११:१०

अहवाल लिहायचा आहे. या कामात सगळ्यात जास्त वेळ लिहिण्यात जातो. काय घडलं, केव्हा कळलं, फाइलचा ठसा, सर्व्हरचा पत्ता, चोराचा नंबर. 'बहुधा', 'वाटतं' असले शब्द ताई खोडून काढतात. त्या जागी माहीत आहे तेवढं, आणि पुढे 'तपास चालू'.

सर्ट-इनला पाठवला. सर्व्हर ज्या कंपनीत भाड्याने घेतलाय तिच्या तक्रार विभागाला वेगळा. नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर. फाइल गूगलला, म्हणजे प्ले प्रोटेक्ट तिला ओळखू लागेल. वहीत वेळ : ११:५२. गोलावर रेघ.

दुपारी १२:१५

आता खातेदारांना सावध करायचं. बँकेने मसुदा पाठवलाय. 'ग्राहकांनी अनधिकृत स्रोतांवरून अनुप्रयोग स्थापित करणे टाळावे.' ताई तो पुन्हा लिहितात :

'व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसान, आरटीओ चलन किंवा लग्नपत्रिका अशा नावाची फाइल आली, आणि नावाच्या शेवटी एपीके असलं, तर उघडू नका. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका. उघडली असेल तर फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून १९३० ला फोन करा, मग शाखेत या.'

'ओळखीच्या माणसाकडून आली तरी' हे महत्त्वाचं. ही फाइल संपर्कयादी उचलते आणि पुढे त्याच माणसाच्या नावाने जाते. द्राक्षवाल्यालाही ती मेव्हण्याकडून आली होती.

पण एसएमएस लगेच जात नाही. बँकेच्या प्रत्येक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. ठगांना आळा बसावा म्हणून केलेला नियम. नवा मजकूर आज मंजूर होईल याची खात्री नाही. मग अ‍ॅपमधली सूचना, बँकेच्या वेबसाइटवर पट्टी, शाखेच्या दारावर छापील कागद. बँकांच्या साइटचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन असे संपतात, रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. कागदावर तेही घालतात. दारावरचा कागद सगळ्यात आधी वाचला जाईल, असं ताईंचं म्हणणं. मलाही तसंच वाटतं.

दुपारी १:०५

वीज आली. भाकरी, मेथी, दही. वीस मिनिटं.

दुपारी २:००

आजचा अवघड कॉल. समोर उत्पादन विभागाचे प्रमुख आणि बँकेचे आयटी अधिकारी. बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी आहे. सहकारी संस्थांना ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेत सभासदांना नवं अ‍ॅप दाखवायचं ठरलंय. अहवालाच्या पुस्तिकेत त्याचा फोटो छापूनही झालाय.

"आपण रूट केलेला, म्हणजे कुलूप तोडलेला फोन ओळखतोच की," प्रमुख म्हणतात. "फ्रिडा लावायला तसा फोन लागतो. अ‍ॅप तिथे बंद पडतं."

"आमच्या पोराने ती तपासणीही त्याच फ्रिडाने बंद केली, सर. वीस मिनिटं लागली. फोनमधली तपासणी चोराला उशीर करते, अडवत नाही. अडवायचं काम सर्व्हरचं."

"किती दिवस लागतील?"

"सर्व्हरवर बदल छोटा आहे. जुन्या मार्गावरचीच तपासणी नव्या मार्गावर लावायची. संध्याकाळी सहापर्यंत मिळाली, तर आम्ही आठपर्यंत तपासतो. तपासलं तर रात्री जाईल. नाही तर रविवारी जुनं अ‍ॅप दाखवा."

बँकेचे अधिकारी बराच वेळ गप्प होते. ते म्हणतात, "मॅडम म्हणतात तसं करा." ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी गेले. तेव्हापासून सहकारी बँकांत या वाक्याला वजन आलंय.

दुसरा मुद्दा मिरजेचीने काढलाय. आणि माझ्या मते आजच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तोच. नव्या आवृत्तीत एक कडक नियम घातलाय : फोनवर कुठलीही सुलभता सेवा चालू असली की अ‍ॅप बंद. कारण खरं आहे. खोटी अ‍ॅप याच सेवेची परवानगी मागून पडदा वाचतात, बटणंही दाबतात. पण अंध माणसाचा टॉकबॅक चालतो तो याच सेवेवर. पडद्यावरचं वाचून दाखवायचं तर पडदा वाचता यायला हवा.

मिरजेची कॅमेरा बंद करते, टॉकबॅक लावते, अ‍ॅप उघडते. फोनचा यांत्रिक आवाज ऐकू येतो : सुरक्षेच्या कारणास्तव अ‍ॅप बंद होत आहे.

"आपल्या बँकांत दृष्टिहीन खातेदार आहेत," ती म्हणते. "शाखेत गेले तर सही दुसऱ्यासमोर, रक्कम दुसऱ्याच्या तोंडून. अ‍ॅपवर ते स्वतःचं स्वतः बघतात. ते आपणच काढून घेतोय."

ठरतं ते असं. हा नियम सर्व्हरवरच्या एका खुणेने चालू-बंद होतो, तो आज बंद. पुढच्या आवृत्तीत सेवा कुणाची ते बघायचं. नाव बघायचं नाही, नाव कुणीही घेऊ शकतो. अ‍ॅपवर ज्याने बांधलं त्याची डिजिटल सही असते, ती जुळवायची. सही ओळखीची, तर सगळं चालू. अनोळखी सेवा असेल तर शिल्लक दिसेल, पैसे जाणार नाहीत.

म्हणजे पुढची आवृत्ती येईपर्यंत तेवढी एक फट उघडी. ताई ती जोखमीच्या नोंदवहीत लिहितात. काय, का, केव्हापर्यंत. शेवटच्या रकान्यात 'निर्णय कुणाचा'. तिथे स्वतःचं नाव. पगारातला मोठा वाटा या रकान्याचा आहे.

दुपारी ३:४५

छत्री घेऊन बाहेर. एसटी स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आठ बाय सहा फूट. काचेखाली उघडे फोन, हातात हॉट एअर गन.

"या ताई, बसा. नऊवाला आलाय एक."

अँड्रॉइड ९ चा फोन. काच खालून तडकलेली. २,२०० सांगतो.

"काच गेलीय की."

"तुम्हाला कुठं मिरवायचाय?"

१,८०० ला ठरतं. असे फोन नवे मिळत नाहीत आणि खातेदारांच्या खिशात तर तेच आहेत. कमीत कमी अँड्रॉइड १० लागेल असं ठरवून टाकलं तर टीमचं निम्मं काम हलकं होईल. ते वाक्य दर तिमाहीला कुणीतरी बोलतं. दर वेळी ताई कोणत्या शाखेत किती जुने फोन आहेत याची यादी पुढे ठेवतात.

मग त्या वही काढतात. "हल्ली 'अ‍ॅप निघत नाही' म्हणून कुणी येतं का?"

"येतात की. आठवड्याला दोघं-तिघं. कंपनीतली पोरं, शेतकरी. मी रीसेट मारतो. शंभर रुपये."

"रीसेट मारायच्या आधी विचारत जा, पैसे गेलेत का. गेले असतील तर १९३० ला लावून द्या. पुरावा जातो हो रीसेट केल्यावर."

ताई त्याला सेटिंगमधली जागा दाखवतात. अ‍ॅपची पूर्ण यादी, नाव नसलेलं किंवा कोऱ्या चिन्हाचं अ‍ॅप. मेसेजची परवानगी कुणाकडे. डिव्हाइस अ‍ॅडमिन कोण. तो आपल्या फोनवर फोटो काढून घेतो. फसलेला माणूस पोलिसांच्याही आधी या दुकानात येतो. ताई फोन घ्यायला येतात ते यासाठीही.

कैलास काटकर याच सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत संगणकांकडे वळले, आणि भावाने लिहिलेल्या अँटिव्हायरस प्रोग्रामवर पुढे क्विक हील ही कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावर काय काय दिसतं, हे त्या गोष्टीतून कळतं.

संध्याकाळी ६:१०

सर्व्हरवरचा बदल आला. कराडचा पुन्हा फ्रिडा जोडतो. सगळे बघताहेत. 'हो'चं 'नाही' करतो. ४०,००० टाकतो.

नकार.

५,००१ टाकतो. नकार. ५,००० टाकतो. जातात. पुन्हा ५,००० टाकतो. जातात.

"थांब," ताई म्हणतात. "दुसऱ्यांदा कसे गेले?"

मर्यादा एका व्यवहाराला लावलीय, दिवसाच्या बेरजेला नाही. जुन्या मार्गावर बेरीज दुसरीकडे होत होती, ती इथे आलीच नाही. पुण्याच्या डेव्हलपरला फोन. तो जेवायला बसणार होता. ताई त्याला एकट्यालाच फोन करतात, आवाज न चढवता दोन्ही नोंदी वाचून दाखवतात.

रात्री ८:२५

दुसरा बदल आला. ५,००० जातात. पुढचा १ रुपया जात नाही. दोन फोनवरून एकदम टाकून बघतात, कारण एकाच क्षणी दोन मागण्या आल्या की बेरीज कधी कधी चुकते. एक जाते, एक नाकारली जाते. दुपारी आणलेल्या १,८०० च्या फोनवरही तसंच. मिरजेची टॉकबॅक लावून शिल्लक ऐकते, पैसे पाठवते. आवाज म्हणतो, व्यवहार यशस्वी.

ताई मंजुरी देतात.

रात्री ९:१०

कॉल संपल्यावर कराडचा थांबतो.

"ताई, एक बोलायचं होतं. बंगळुरूची ऑफर आलीय. दुपटीपेक्षा जास्त आहे."

"घरी सांगितलंस?"

"आईला सांगितलंय. भाडं किती जाईल ते बघतोय."

"काम काय देतायत?"

तो सांगतो. ताई ऐकून घेतात. तिथे कुणाच्या हाताखाली असेल, शिकवणारं कुणी आहे का, परवाना मिळणार का, विचारतात. थांब म्हणत नाहीत. "तुझी पगारवाढ मी परत मांडते सोमवारी. काय मिळेल ते सांगते. मग तू ठरव. आजचं काम तुझ्या नावाने अहवालात आहे, ते तिकडे दाखवता येत नाही, पण शिफारस मी लिहून देईन."

रात्री १०:२०

नवी आवृत्ती पाच टक्के फोनांसाठी सोडली आहे. सगळ्यांना एकदम देत नाहीत. शाखेच्या व्यवस्थापकांचा मेसेज आहे : ४,९९९ पैकी ३,२०० पुढच्या खात्यात गोठवले गेले, बाकीचे निघून गेले होते. परत कधी मिळतील ते सांगता येत नाही. द्राक्षवाले उद्या शाखेत येणार आहेत. त्यांच्यापुढे बसून काय सांगायचं, असं व्यवस्थापक विचारतात.

ताई फोन लावतात. "परवानगी त्यांनी दिली, हे पहिलं वाक्य बोलू नका. लगेच कळवलंत म्हणून ३,२०० गोठवता आले, हे सांगा. ते खरंही आहे."

मग पडद्यावर परत. अ‍ॅप बंद पडल्याच्या नोंदी दोन. दोन्ही एकाच कंपनीच्या जुन्या मॉडेलवर, दोन्ही अँड्रॉइड ८. तो फोन मांडणीवर होता. सकाळी वाळूच्या डब्यात गेला तोच. उद्या स्टँडवरून दुसरा आणावा लागेल. रात्रीची नजर नागपूरकराकडे. ताई त्याला लिहितात, नोंदी दहाच्या वर गेल्या तर झोपेतून उठव, आणि कुणाला न विचारता सोडणं थांबव.

रात्रपाळीची बस नाक्यावर आली आहे. अहोंचा डबा भरायचा राहिलाय.